रविवारची परात, सोमवारचं दुकान

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला नवी फरशी बसणार आहे. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलंय, की बंद पडलेली वाहने मालकांनी आठ दिवसांत हलवावीत, न हलवल्यास सोसायटी हलवेल आणि मग कुठे हलवली ते विचारायला येऊ नये. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही. पण पार्किंगमध्ये बंद पडलेलं वाहन एकच होतं आणि ते माझं होतं. म्हणजे बाबांचं.

परवा सकाळी खाली गेले आणि गाडीवरचं कापड काढलं. दीड वर्षांत पहिल्यांदाच. आधी धूळ नाकात गेली, मग शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास आला आणि त्याच्या खालून हळूच जुन्या ऑइलचा. दोन्ही चाकांतली हवा गेली होती. उजवा आरसा नव्हता, टाकी एका बाजूने चेमटली होती, पाय ठेवायचा दांडा वाकून आत वळला होता. शंभर सीसीची काळी मोटारसायकल, टाकीवर लाल पट्टे. लहानपणी मी याच टाकीवर बसून पुणं पाहिलं. समोरून वारा, पाठीला बाबांच्या शर्टाची बटणं, आणि मांड्यांखाली इंजिनाची ऊब.

महिन्यातला पहिला रविवार आमच्याकडे गाडीचा असे. बाबा वर्ध्याकडून पिंपरीच्या कारखान्यात कामाला आलेले, आणि पर्वतीच्या पायथ्याशी ही जागा घेतल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली पहिली आणि शेवटची चैन म्हणजे ही गाडी. त्या दिवशी ते दाढी करत नसत. कारखान्याचा विटका निळा शर्ट घालून, गोणपाट पसरून, बरोबर आठला पार्किंगमध्ये बसत. शेजारी पत्र्याच्या डब्यात पाने, रॉकेलची बाटली, दात घासून म्हातारा झालेला ब्रश, बनियनच्या चिंध्या. खिडकीतल्या रेडिओचा आवाज वरून खाली यायचा, त्यात मधूनच पान्याचा टणत्कार. अकराच्या सुमाराला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास उतरायचा आणि रॉकेलच्या वासात मिसळायचा. आजही मोहरी तडतडली की मला क्षणभर रॉकेल आठवतं. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

या सगळ्यात मुख्य वस्तू होती ती परात. आईच्या लग्नातली, ॲल्युमिनियमची, कणीक भिजवायची. बाबांनी ती एका रविवारी परस्पर खाली नेली आणि परत आली ती ग्रीसने माखून. आई दोन दिवस धुसफुसली आणि शेवटी तिने दुसरी परात आणली. बाबांची पद्धत अशी, की गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू परातीच्या काठाने, घड्याळाच्या आकड्यांसारखी, ओळीने मांडायची. पहिला नट बाराच्या जागी, दुसरा एकच्या, असं फिरत फिरत. लावताना उलटं यायचं. शेवटचा नट पहिला, पहिला शेवटी. परात रिकामी झाली की काम झालं. मग ते परात उलटी करून तिच्या पाठीवर दोन थापा मारत. तो आवाज वरपर्यंत ऐकू येई आणि आई पोळ्यांना लागे.

"दुकानात काहून नाही देत?" असं आई अधूनमधून विचारायची. दोघं एकमेकांशी वर्ध्याकडचंच बोलत.

"दुकानवाला गाडीकडे नाही पाहत," बाबा म्हणायचे. "घड्याळाकडे पाहते. अन् मंग आपण गाडीवर कोणाच्या भरवशावर बसायचं?"

लोकांना वाटे हा माणूस कंजूष आहे. तसे ते थोडे होतेही. पण दुकानात न देण्याचं कारण वेगळं होतं. कारखान्यात आयुष्यभर त्यांनी एकाच यंत्रावर एकाच भागाला एकच भोक पाडलं. तो भाग कुठल्या गाडीत जातो, ती गाडी कोण चालवतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. ही एक गाडी मात्र ते पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत ओळखत होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग माझ्या कानाला लावायचे.

"टकटक ऐकू येते?"

"येते."

"यायला नाही पाह्यजे," ते म्हणत, आणि पुन्हा पाना उचलत.

दुपारी जेवण झालं की ट्रायल. ट्रायल म्हणजे खडकवासला. आई मागे एका बाजूला बसून, पदर दाताखाली धरून, मी पुढे टाकीवर. तेव्हा सिंहगड रस्त्याला मध्येच शेतं लागत. पाणी दिसण्याआधी त्याचा वास येई, गार, शेवाळलेला, आणि त्यात भाजलेल्या कणसांचा धूर. धरणाजवळच्या उतारावर बाबा मुद्दाम वेग घेत आणि जोरात मागचा ब्रेक दाबून बघत. आई दर वेळी त्यांच्या पाठीत बुक्की मारी. गाडी सरळ रेषेत थांबली की ते मान हलवत, आणि मगच आम्हाला कणीस मिळे. लिंबू-मीठ चोळलेल्या त्या कणसाला बाबांच्या बोटांमुळे नेहमी थोडा ऑइलचा वास असायचा. मला तो तेव्हा आवडत नसे.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत या घरात राहायला आले. आई गेली. बाबा निवृत्त झाले. गाडी तीच राहिली.

नंतर बाबा विसरू लागले. आधी नावं गेली, मग दिवस. चार वाजता पुन्हा जेवायला मागत. पुण्यात चाळीस वर्षं काढून कमावलेलं शहरी मराठी हळूहळू उतरत गेलं आणि खालून वर्धा वर आलं. माझ्याशीही ते आईशी बोलत तसं बोलू लागले. मला ते ऐकायला गोड वाटायचं, आणि गोड वाटतं म्हणून स्वतःचा राग यायचा. गाडीचा रविवार मात्र ते विसरले नाहीत. उलट महिन्याचा तो आता दर आठवड्याला येऊ लागला, कारण मागच्या रविवारी गाडी केली होती हे त्यांना आठवत नसे.

एका रविवारी मी चहा घेऊन खाली गेले. गाडी जोडून उभी होती, चकचकीत, आणि परातीत एक नट उरला होता. सहाच्या जागी. बाबा त्याच्याकडे बघत बसले होते. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटावा आणि त्याचं नाव आठवू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. माझी चाहूल लागली तसा त्यांनी तो नट उचलला, शर्टाच्या खिशात टाकला, परात उलटी केली आणि तिच्यावर दोन थापा मारल्या.

"झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनमध्ये तो नट खडखडत राहिला. मी मशीन बंद केलं नाही. उभी राहून तो आवाज ऐकत राहिले आणि मला भीती वाटली.

मी त्यांना म्हटलं, बाबा, आता गाडी दुकानात देऊ या. त्यांनी ताटावरून हात काढून घेतला.

"मंग मलेच देऊन टाक दुकानात," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हातांना जे येतं ते करू द्या, ते बंद केलंत तर बाकीचं लवकर जाईल. गाडी चालवण्याचं विचारलं तर म्हणाले, तुम्हीच बघून ठरवा. मी बघितलं. चालवताना ते खरंच चुकत नसत. दूध आणायला, बागेपर्यंत, सावकाश, प्रत्येक वळणावर हात दाखवत जायचे. किल्ली काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही. तिथे मी कच खाल्ली, हे आता लिहायला हरकत नाही.

मग मी एक युक्ती काढली. माझं ऑफिस शनिवार पेठेत आहे, आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम. बाबांना सांगितलं, की सोमवारी साइटवर जावं लागतं, तर गाडी मला लागेल. ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "घेऊन जा. कालच केली, एकदम टकाटक आहे." आणि मी ती गाडी घेऊन, मुठी आवळून, बैलगाडीच्या वेगाने कसबा पेठेत रशीदभाईंच्या दुकानात गेले.

रशीदभाईंचं दुकान तांबट आळीच्या अंगाला आहे. अरुंद, लांबट, आतून काळं. त्यांच्या आजोबांपासून ते लोक तिथेच आहेत. शेजारून दिवसभर तांब्यावर हातोड्या पडत असतात, त्यामुळे बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि रशीदभाईंना आवाज चढवायचा कंटाळा, म्हणून ते कमी बोलतात. साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकले आणि मागच्या चाकाजवळचा एक नट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला.

"कोणी केलंय हे?"

"वडलांनी."

"मेकॅनिक होते?"

"नाही. पण इतकी वर्षं गाडी त्यांनीच केली."

"आणि तुम्ही यावर बसून पर्वतीहून आलात."

"हो."

"धाडसी आहात," ते म्हणाले, आणि चष्मा चढवला.

तेव्हापासून आमचा तसा परिपाठच पडला. रविवारी बाबा गाडी करायचे, सोमवारी रशीदभाई पुन्हा करायचे. मी सकाळी गाडी सोडून चालत ऑफिसला जाई आणि संध्याकाळी घेऊन येई. त्या दिवशी काय सापडलं ते रशीदभाई चार शब्दांत सांगत. साखळी सैल. प्लग नुसता टेकवलेला. एकदा ऑइल दोनदा घातलेलं, एकदा मुळीच नाही. सगळ्यांत जास्त ते मागच्या चाकाचं बोलत. तिथे ब्रेकला जागच्या जागी धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते, वीतभर लांबीची. ती सुटली तर ब्रेक दाबताच चाक जागीच अडकतं. बाबा चाक काढत आणि पट्टीचा नट अर्धवट लावून सोडून देत.

"वडलांना सांगत का नाही?" रशीदभाईंनी एकदा विचारलं.

"सहन होणार नाही त्यांना. आणि तुम्हीही सांगायचं नाही. कधी आलेच इकडे आणि विचारलं, तर म्हणायचं सगळं बरोबर होतं."

"आणि नसलं तर?"

"तरीही."

त्यांनी पाना उचलला. शेजारी हातोड्या चालूच होत्या.

संध्याकाळी घरी आले की बाबा दारातच विचारत, "कशी चालली?" मी म्हणायची, लोण्यासारखी. त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मी स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचे. खोटं सांगायची, पण त्या खोट्याने घर चाललं होतं. सात-आठ महिने आम्ही दोघं त्या घरात सुखात होतो, हेही खरंच आहे. ते गाडीचा वास घेऊन वर यायचे, आधी खोबरेल मग धुण्याची पावडर लावून हात घासायचे, आणि नखांतलं काळं तरीही राहायचं. मी त्यांना कणीस आणून द्यायचे. त्यावर ते आईबद्दल बोलायचे, ती बाजारात गेली आहे असं समजून.

मग तो गुरुवार आला. दुपारी ऑफिसात फोन आला, अनोळखी आवाज. खडकवासल्याजवळच्या उतारावर एक आजोबा गाडीवरून पडले आहेत, खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे. ती चिठ्ठी मीच त्यांच्या खिशात ठेवली होती. गुरुवारी, तेही भर दुपारी, ते तिकडे का गेले ते मला कळेना. ट्रायल रविवारची असते.

नऊ दिवस ते दवाखान्यात होते. बोलले नाहीत. उजव्या हाताची बोटं तेवढी चालू होती. चादरीवर तर्जनी आणि अंगठा जवळ येऊन हळूहळू फिरत राहायचे, एकाच दिशेने, घट्ट करण्याच्या. मी माझं बोट तिथे धरलं की बाबा ते बोट फिरवायचे. नवव्या दिवशी पहाटे ते फिरणं थांबलं.

गाडी तिकडच्याच एका टेम्पोवाल्याने आणून दिली होती. उतरवताना त्याने मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. "ताई, हितला नटच न्हाई बगा. बोल्टबी पडलाय. पट्टी लोंबतीया. म्हातारबानं ब्रेक दाबला आसंल अन् चाक जाम झालं आसंल. त्येंची काय चूक न्हाई."

त्येंची काय चूक न्हाई. हे वाक्य मी घट्ट धरून बसले. कारण हिशेब सरळ होता. सोमवारी गाडी रशीदभाईंकडे होती. सोमवार ते गुरुवार बाबांनी गाडी केलेली नव्हती. परात गच्चीत कोरडी, उलटी ठेवलेली होती, गोणपाटाची घडी मी घातली होती तशीच होती. पाने डब्यात जागच्या जागी होते, निदान मला तसं वाटलं. तेव्हा तो नट घट्ट करायला विसरला तो दुकानवाला विसरला. गाडीकडे न बघता घड्याळाकडे बघणारा.

रशीदभाईंचे तीन फोन आले, मी घेतले नाहीत. ते स्मशानात आले होते, मागे उभे होते, मी ओळख दाखवली नाही. पुढचं दीड वर्ष ऑफिसला जाताना ती आळी टाळून लांबच्या रस्त्याने गेले. मला त्यांचा राग येत होता आणि खरं सांगायचं तर त्या रागाचा मला फार आधार होता. तो नसता तर रात्री झोप कशी लागली असती, मला माहीत नाही.

काल, मार्केट यार्डात कांदा उतरवून आलेल्या एका छोट्या टेम्पोत गाडी चढवली. बाबांची गाडी कांद्याच्या सालींत आडवी झोपलेली बघवेना, म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. भंगारवाले आमच्याकडेही आहेत. मी कसबा पेठेत गेले ते भांडायला गेले. एवढ्या दिवसांचं काहीतरी तिथे टाकून यायचं होतं.

रशीदभाई म्हातारे झाले होते. त्यांनी टेम्पो पाहिला, मला पाहिलं, आणि हातातलं काम खाली ठेवलं. गाडी उतरवून घेतली. टाकीवरच्या पोच्यावरून हात फिरवला.

"ठेवून घ्या," मी म्हटलं. "भाग काढा, नाहीतर भंगारात द्या. मला फक्त एक सांगा. त्या सोमवारी मागची पट्टी घट्ट केली होती की नाही?"

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, ताई. केली होती." मग ते गाडीजवळ उकिडवे बसले आणि अंगठ्याने एका नटावरची धूळ पुसली. खाली पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. दुसरा पुसला, तिथेही होता. साखळीजवळ, इंजिनाखाली, हँडलच्या मुळाशी. "मी घट्ट केलेल्या नटावर ठिपका लावतो. म्हणजे पुन्हा बघायला नको. तुम्ही कधी पाहिले नाहीत?"

मी पाहिले नव्हते. दर सोमवारी गाडी नेत होते, आणत होते, आणि एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"काकांनी पाहिले," रशीदभाई म्हणाले.

"बाबांनी?" मी विचारलं.

"काका आले होते इथे. त्याच गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. बसने आले. अलीकडच्या चौकापासून एकेका गॅरेजमध्ये विचारत विचारत. हातात नट होता. हा ठिपका कोण लावते, म्हणत."

"कुठला नट?"

त्यांनी मागच्या चाकाजवळ लोंबणाऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

शेजारी कुणीतरी मोठ्या भांड्यावर ठोकत होतं. रशीदभाईंनी आवाज चढवला नाही, मीच पुढे वाकले.

"मी म्हटलं, काका, हा कशाला काढून आणलात, हा घरी गेल्यावर आधी लावा. गाडीला हात लावण्याआधी. म्हणाले, लावतो नं, इतकी वर्षं मीच लावून राहिलो. आणि शर्टाच्या खिशात टाकला, वर हात मारून दाखवलं. मी बरोबर जायला हवं होतं, ताई. दोन गिऱ्हाइकं उभी होती. निदान तुम्हाला फोन करायला हवा होता."

"का नाही केला?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलं. तुम्ही त्यांना कळू देऊ नका म्हणाला होतात, ते म्हणाले तुम्हाला कळू देऊ नका. मी दोघांचंही ऐकलं."

मला तिथून उठायचं होतं. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"कशासाठी आले होते?"

रशीदभाईंनी चष्मा काढला, तो दोरीला लटकत राहिला. "विचारायला आले होते. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. म्हणाले, मास्तर, खरं सांगा. पोरगी दर सोमवारी गाडी तुमच्याकडे आणते, मले माहीत आहे. माझ्या हातून चुकून राहिलं असन, तर आज सांगून टाका. आजच्या आज किल्ली तिच्या हातात देतो अन् पाने आणून तुमच्या दुकानात ठेवतो. मले राग नाही येणार. पण कोणीतरी मले खरं सांगा."

पुढे काय ते मला माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलं, आणि त्यांनाही सांगणं भाग होतं.

"मी म्हटलं, काका, तुमच्या हातचा एकही नट कधी सैल सापडला नाही." त्यांनी माझ्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "रडले हो. इथेच बसून. मग मला चहा पाजला. नको म्हटलं तरी स्वतः जाऊन सांगून आले. जाताना म्हणाले, आज ट्रायल घेतो."

बाबांना खरं सहन होणार नाही, हे मी ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. ते मात्र उठून, बस पकडून, आपला हात चुकतो की काय ते विचारायला अख्खी पेठ हिंडले, आणि त्यांना सगळ्या पुण्यात खरं सांगणारं कुणी भेटलं नाही, कारण मी आधीच तशी व्यवस्था करून ठेवली होती. दीड वर्ष मी ज्या माणसाला मनात शिव्या दिल्या, त्याने फक्त माझा शब्द पाळला होता. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"गाडीचं काय करू?" रशीदभाईंनी विचारलं.

"खोला," मी म्हटलं.

"तुम्ही थांबणार?"

"थांबते."

ते पाना घेऊन बसले. साखळीकडून सुरुवात केली. पिवळे ठिपके असलेले ते नट त्यांनी स्वतःच घट्ट केले होते, आणि दीड वर्षाच्या गंजाने ते आणखी आवळून बसले होते. प्रत्येकाला दोन्ही हातांनी जोर लावावा लागत होता. दुपार टळेपर्यंत मी तिथे बसून होते, आणि एकही नट सहज निघाला नाही.